थिकनेस प्लेनरची पाती बसवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थिकनेस प्लेनर म्हणजे फळी एकसारख्या जाडीला रंधणारं मशीन. त्याच्या पात्यांबद्दल किनवटपासून उमरग्यापर्यंतच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमधून येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. मशीन वेगवेगळी असतात, त्यामुळे तुमच्या मशीनचं पुस्तक वेगळा आकडा सांगत असेल तर पुस्तकाचा आकडा धरा. पुस्तक हरवलेल्यांसाठी, म्हणजे जवळपास सगळ्यांसाठी, खालची उत्तरं.

१. पाती टेबलाला समांतर लावायची का ब्लॉकला?

ब्लॉकला. थिकनेसमध्ये कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरणारा गोल दांडा, वर असतो आणि फळी त्याच्याखालून टेबलावरून सरकते. पात्याची धार ब्लॉकच्या गोल अंगापासून या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी वर असली पाहिजे. टेबल ब्लॉकला समांतर आहे की नाही, ही वेगळी तपासणी आहे (प्रश्न ९). टेबल एका बाजूनं बसलंय म्हणून पातीच तिरकी लावणारे मिस्त्री खूप आहेत. त्या दिवशी फळी सरळ निघते, पण फळी ओढणारे रोलर आणि फळी टेबलावर दाबून धरणारा प्रेशर बार ब्लॉकच्या हिशोबानं लावलेले असतात. एका बाजूला पातं जास्त बाहेर, दुसऱ्या बाजूला आत, आणि पुढच्या वेळी पाती बदलणाऱ्याला गोम कुठं आहे ते कळतच नाही.

२. पातं ब्लॉकच्या बाहेर किती ठेवायचं?

गोल ब्लॉकवर साधारण १ मिमी. त्यापेक्षा जास्त बाहेर काढल्यानं कापण्याचा जोर वाढत नाही. किती कापायचं ते टेबलाच्या उंचीवर ठरतं, पात्याच्या नाही. जास्त बाहेर आलेलं पातं थरथरतं, लाकूड ओरबाडतं, आणि लाकूड मागे फेकलं गेलं तर घावही मोठा बसतो. ‘दोन सूत बाहेर काढ, मग बघ कसं खातंय’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

३. पात्याची घासलेली बाजू पुढं का मागं?

ब्लॉक ज्या दिशेनं फिरतो तिकडं पात्याचं सपाट तोंड, आणि घासलेला उतार मागं. पात्याला दाबून धरणारी पट्टी, म्हणजे गिब, बहुतेक ब्लॉकमध्ये सपाट तोंडाच्या बाजूला येते. तिला जी खोबण असते ती भुसा आणि ढलप्या बाहेर फेकण्यासाठी. पातं उलटं बसलं तर मशीन ओरडतं, लाकूड काळं पडतं आणि जळका वास येतो. अशीच लक्षणं आणखी एका कारणानं येतात, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

४. स्टार्टरचं लाल बटण दाबलं की पुरे ना? पाती बदलताना मेन बंद करायलाच पाहिजे का?

करायलाच पाहिजे. भारनियमनात लाइट गेली, तेवढ्यात पाती बदलून घेऊ, असं ठरवणारे लोक नेमके इथंच अडकतात. ज्या स्टार्टरमध्ये कॉइल आहे तो लाइट गेली की सुटतो आणि परत आल्यावर आपोआप लागत नाही. पण अनेक मशीनवर साधा फिरवायचा स्विच असतो. तो चालूच राहिला असेल तर लाइट येताच ब्लॉक फिरायला लागतो, आणि तुमची बोटं पात्यावर असतात. कॉइल चिकटलेला जुना स्टार्टरसुद्धा असाच दगा देतो.

मेन स्विच खाली, फ्यूज काढून खिशात, किंवा एमसीबी पाडून त्या डब्याला कुलूप. मगच कव्हर उघडायचं. ब्लॉक हातानं फिरवायचा असेल तर पट्ट्याची पुली धरून फिरवा, धारेजवळून नाही. पाती उचलताना जाड कातडी हातमोजे घाला आणि मशीन चालू करण्यापूर्वी ते काढून ठेवा.

५. पाती बसवायचा पूर्ण क्रम सांगा.

आधी जुनी सगळी पाती एकदम काढू नका. एक काढा, तिथं नवीन बसवा, मग दुसऱ्याला हात घाला. सगळे बोल्ट एकाच वेळी सोडले की ब्लॉकवरचा ताण एकदम बदलतो, शिवाय तुलनेला जुनं पातंही उरत नाही.

पातं निघालं की ते ब्लॉकमध्ये ज्यात बसतं ती खोबण साफ करा. निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला इथंच दिसतं. सागवानाचा तेलकट भुसा, पाईनची राळ आणि बारीक लोखंडी कण यांचा थर गिबच्या पाठीवर आणि खोबणीच्या तळाशी दगडासारखा बसलेला असतो. थिनर किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं तो मऊ करा आणि पितळी ब्रशनं किंवा लाकडाच्या टोकदार काडीनं काढा. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, खोबणीला ओरखडा पडला की तो कायमचा. शेवटी कोरड्या फडक्यानं पुसा. पातं, गिब आणि खोबण या तीन पृष्ठांवर तेल ठेवायचं नाही, नुसती कोरडी पकड पाहिजे. बोल्टच्या आट्यांना मात्र एखादा थेंब चालतो. बोल्टचं डोकं गोल झालं असेल किंवा आटे ओढले गेले असतील तर तो बोल्ट टाकून द्या, आणि त्याच दर्जाचा नवीन आणा. बाजारातला कुठलाही ‘बसतोय’ बोल्ट नको.

आता गिब खोबणीत, मग पातं. बोल्ट एवढेच आवळा की पातं हललं तर हलेल, पण आपोआप पडणार नाही. पात्याखाली स्प्रिंग असतील तर वरून दाबून उंचीला आणायचं. उंचीचे स्क्रू असतील तर खालून वर उचलायचं. स्क्रू मशीनमध्ये एक लक्षात ठेवा: पातं जास्त वर आलं म्हणून स्क्रू खाली घेतला तरी पातं आपोआप खाली येत नाही. लाकडाच्या तुकड्यानं हलकं ठोकून ते स्क्रूवर टेकवावं लागतं, नाहीतर ते अधांतरी राहतं आणि काम करताना दबतं.

एका टोकाची उंची लावा, मग दुसऱ्या टोकाची, परत पहिल्या टोकाला या. एक टोक हललं की दुसरं थोडं हलतंच. दोन्ही जुळली की मध्यभाग बघा. मग बोल्ट: मधून सुरुवात, एक डावीकडं, एक उजवीकडं, असं बाहेरच्या टोकांपर्यंत. हे एका दमात नको. आधी हलकं, मग मध्यम, मग पूर्ण. पान्याला पाइप लावून आवळू नका. पूर्ण आवळल्यावर उंची परत मोजा (प्रश्न ८). सगळी पाती झाली की ब्लॉक हातानं दोन-तीन फेरे फिरवा, कुठं घासत नाही ना ते बघा. मग कव्हर लावून, बाजूला उभं राहून मशीन रिकामं चालवा. थोडं काम झालं की मेन बंद करून बोल्ट एकदा परत तपासा.

६. डायल गेज (काट्यावर उंचीचा बारीक फरक दाखवणारं माप) नाही. नुसत्या डोळ्यानं होतं का?

डोळ्यानं नाही, पण डायलशिवाय होतं. ब्लॉकच्या अंगावर बसणारा, दोन पायांचा सेटिंग गेज बऱ्याच मशीनसोबत येतो, आणि पहिल्याच महिन्यात हरवतो. कडक लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा तसाच तुकडा करून घेता येतो. दोन्ही पाय ब्लॉकच्या अंगावर टेकतील आणि मधला भाग ठरलेल्या उंचीवर राहील असा. धार त्या मधल्या भागाला नुसती लागली पाहिजे, गेज उचलला जायला नको. पात्याखाली स्प्रिंग असतील तर हा गेज खरंच सोपा पडतो.

तरीही डायल घ्याच असं सांगेन. शून्य ब्लॉकच्या अंगावर लावायचं, मग ब्लॉक किंचित पुढं-मागं हलवत काटा सर्वात वर जातो तो आकडा घ्यायचा. एवढंच काम, पण अंदाज संपतो.

७. नवीन पाती लावली तरी फळीवर लाटा येऊ लागल्यात. तीन पात्यांत किती फरक चालतो?

०.०५ मिमीच्या आत आणा. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी, म्हणजे त्याच्या निम्मी.

लाटा का येतात ते हिशोबानं बघू. ब्लॉक मिनिटाला ४५०० फेरे, पाती तीन, फळीचा वेग मिनिटाला ९ मीटर. तिन्ही पाती सारखं कापत असतील तर दर ०.६७ मिमीवर एक घाव पडतो, तो डोळ्याला दिसत नाही. एकच पातं वर असेल तर शेवटचा हात फक्त त्याचाच फिरतो आणि घाव २ मिमीवर जातो. पॉलिश मारल्यावर तिरक्या उजेडात हेच दिसतं. दोन घावांतलं अंतर पट्टीनं मोजा. दहा घाव मोजून भागलं की किती पाती काम करतायत ते मशीन न उघडता कळतं.

हातानं बसवलेल्या पात्यांत शेवटचा हात बहुतेक वेळा एकाच पात्याचा असतो, कारण त्या २ मिमीच्या लाटेची खोली फक्त ०.०१ मिमीच्या आसपास असते आणि तेवढं अचूक आपण बसवू शकत नाही. म्हणून शतांशाच्या मागं लागून अख्खी दुपार घालवू नका. तिन्ही पाती ०.०५ च्या आत आणि प्रत्येक पातं आपल्या लांबीत सरळ, एवढं झालं की शेवटच्या पासला, म्हणजे फळी मशीनमधून काढायच्या शेवटच्या फेरीला, फळीचा वेग कमी करा. वेग निम्मा केला तर लाटही निम्म्या अंतरावर येते. एकच वेग असलेल्या मशीनवर शेवटचा पास अगदी हलका ठेवा आणि राहिलेलं पॉलिशपेपरवर सोडा.

लाटा सारख्या अंतरावर नसतील, कधी जवळ कधी लांब येत असतील, तर पात्यांना दोष देऊ नका. पट्टा सैल आहे, रोलर घसरतोय, किंवा बेअरिंग गेलंय.

८. उंची बरोबर लावली होती, बोल्ट आवळले की बदलली. काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही. गिब आवळताना ती पात्याला थोडं वर ओढते. हलकं आवळलेल्या स्थितीत मोजा, पूर्ण आवळून परत मोजा. फरक दर वेळी सारखाच येत असेल तर तेवढं आधीच खाली लावा. फरक दर वेळी वेगळा असेल तर खोबणीत घाण आहे किंवा गिबला दात पडलेत. तेव्हा प्रश्न ५ मधल्या सफाईकडं परत जा.

९. फळी एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक निघायलीय.

एकच फळी डाव्या कडेनं घाला, तशीच दुसरी उजव्या कडेनं, टेबलाची उंची न बदलता. दोन्हींची जाडी व्हर्नियरनं मोजा. फरक आला तर मेन बंद करून कडक लाकडाचा एकच ठोकळा टेबलावर डाव्या टोकाला ठेवा, टेबल वर घ्या, ठोकळा आणि ब्लॉकचं अंग यातली फट फिलर गेजनं (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापानं) मोजा. पात्यावर नाही, दोन पात्यांमधल्या गोल अंगावर. मग तोच ठोकळा उजव्या टोकाला. ठोकळा बदलू नका, नाहीतर ठोकळ्यांतला फरक मशीनच्या माथी मारला जातो.

दोन्ही फटी सारख्या असतील तर पाती तिरकी आहेत, परत लावा. फटी वेगळ्या असतील तर टेबल तिरकं आहे. ते टेबलाच्या स्क्रूवरून किंवा साखळीवरून सरळ करायचं, पात्यांना हात लावायचा नाही.

१०. फळीच्या दोन्ही टोकांना बोटभर खड्डा पडतो. पाती खाली-वर झाली का?

नाही. पाती सगळ्या फळीवर सारखीच फिरतात, त्यांना टोक कुठं आहे ते माहीत नसतं. टोकाला फळी एकाच रोलरखाली असते आणि वर उचलली जाते. टेबलातले खालचे रोलर जास्त वर असतील, प्रेशर बार सैल असेल किंवा लांब फळीला बाहेर आधार नसेल तर हे होतं. मागं-पुढं स्टँड लावा, आणि खालचे रोलर टेबलाच्या जेमतेम वर ठेवा.

११. पाती बदलल्यापासून रोलर फळी ओढेनाच झालाय.

पाती जास्त बाहेर आली असतील. आत ओढणारा रोलर धारेच्या वर्तुळापेक्षा, म्हणजे फिरताना धार जिथपर्यंत खाली येते त्यापेक्षा, अर्धा ते एक मिमी खाली असावा लागतो. पाती जास्त बाहेर आली की हे अंतर कमी होतं आणि रोलरला पकड मिळत नाही. उलट पाती फार आत गेली तर रोलर फळी दाबून धरतात, मशीनला लोड येतो आणि फळीवर दातांचे ठसे उरतात. जुनी पाती घासून बारीक झाल्यावर कुणीतरी रोलर त्यांच्या हिशोबानं वर घेतले असतील तर नवीन पाती लावल्यावर हा घोळ हमखास निघतो. म्हणून पाती कायम एकाच उंचीला लावायची.

१२. माळवदाची जुनी तुळई घातली, खिळा लागला. फळीवर लांब रेघ येते. तिन्ही पाती बदलू का?

लगेच नको. मराठवाड्यातली माळवदं उतरतायत आणि त्यातलं सागवान खरंच चांगलं आहे, पण त्याच्या पोटात खिळे, आणि भेगांत पांढऱ्या मातीचे खडे असतात. खाच तिन्ही पात्यांवर एकाच जागी पडते म्हणून फळीवर बारीक उंचवट्याची रेघ येते. एक पातं खोबणीत आडवं एखादा मिमी सरकवा. आता त्याची खाच दुसऱ्यांच्या खाचेसमोर येत नाही आणि रेघ पुसली जाते. सरकवल्यावर पात्याचं टोक ब्लॉकबाहेर निघत नाही ना, ते बघा. खाच २-३ मिमीची असेल किंवा पात्याला तडा दिसत असेल तर मात्र पातं काढाच. तडा गेलेलं पातं चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

जुनं लाकूड घालण्याआधी हातातला मेटल डिटेक्टर फिरवा, भेगा तारेच्या ब्रशनं साफ करा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि अशा लाकडासाठी जुन्या पात्यांचा वेगळा संच ठेवा.

१३. सागवान सुंदर निघतं, पण बाभूळ आणि कडुलिंब ओरबाडलं जातं. पात्यांची सेटिंग बदलू का?

उंची तीच ठेवा. या लाकडांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, एका पट्ट्यात इकडं आणि शेजारच्यात तिकडं. त्यामुळे फळी उलटी घातली तरी कुठंतरी ओरबाडणारच. पास अर्ध्या मिमीचा करा, वेग कमी करा, पाती ताजी धार लावलेली घ्या. फळीवर ओलं फडकं फिरवून लगेच पास घेतला तर थोडा फरक पडतो.

बाभळीचं काम रोजचं असेल तर धारवाल्याकडून एका संचाच्या सपाट तोंडावर ५ ते १० अंशांचा बारीक उतार मारून घ्या. कापण्याचा कोन बोथट होतो, ओरबाडणं कमी होतं. मोटारीला लोड जास्त येतो, म्हणून पास हलका. हा संच सागवानाला वापरू नका.

१४. धार कुठं लावायची, आणि धारवाल्याला काय सांगायचं?

हातातल्या ग्राइंडरवर नको, एवढं नक्की. सरळ लांबीत धार येत नाही आणि पात्याचं वजन बिघडतं. वाळूज, चिकलठाणा किंवा तुमच्या जवळच्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडर असलेलं दुकान शोधा. सांगायच्या गोष्टी चार: कोन ३५ ते ४० अंशांतला, जो आधी होता तोच. पूर्ण संच एकत्र घासायचा, एकटं पातं नाही. पाणी सोडत घासायचं. आणि शेवटी बारीक दगडानं बर, म्हणजे धारेवर राहिलेली लोखंडाची बारीक कड, काढायचा.

धारेवर निळा डाग दिसला तर ते पातं तापलंय. साध्या कार्बन स्टीलचं असेल तर तेवढा भाग मऊ पडला, धार टिकणार नाही. हायस्पीड स्टील त्यापेक्षा बरीच जास्त उष्णता सोसतं, पण तापलेलं पातं पाण्यात बुडवलं तर त्यालाही बारीक तडे जातात.

परत आल्यावर पाती सराफाच्या काट्यावर तोला. तिन्हींतला फरक एका ग्रॅमच्या आत असावा. जास्त असेल तर ब्लॉक थरथरतो आणि बेअरिंग लवकर जातं. पातं घासून घासून इतकं अरुंद झालं की त्याचा तळ स्प्रिंगपर्यंत किंवा स्क्रूपर्यंत पोचत नाही, किंवा गिबच्या खालच्या कडेच्या वर राहतो, तर ते भंगारात. खाली पट्टीचा तुकडा सारून उंची काढू नका.

१५. काल डीपी दुरुस्त केली, आज मशीन चालतं पण लाकूड आतच घेईना. पाती तर नवीन आहेत.

फेज उलटले. शेतातल्या मोटारीला जे होतं तेच. थ्री फेज मोटर उलटी फिरतेय, त्यामुळे रोलर फळी बाहेर ढकलतात आणि पात्याची पाठ लाकडावर घासते. रोलरला वेगळी मोटर असेल आणि तिचे फेज कुणी बरोबर करून दिले असतील तर फळी आत जाते, पण कापली न जाता काळी पडते. मशीन लगेच बंद करा आणि वायरमनकडून कुठलेही दोन फेज बदलून घ्या. पाती काढण्याची गरज नाही. डीपीचं किंवा मीटरचं काम झालं की पहिल्यांदा मशीन रिकामं चालू-बंद करून ब्लॉक थांबताना कोणत्या बाजूला फिरतो ते पाहायची सवय लावा. कव्हरवर रंगानं बाण काढून ठेवला की पोराला पण कळतं.

१६. माझं सरफेस-कम-थिकनेस (फळीचं तोंड सपाट करणारं आणि जाडी काढणारं एकच मशीन) आहे. त्यात काय वेगळं?

ब्लॉक एकच, काम दोन. थिकनेससाठी वरचंच सगळं. सरफेससाठी मागचं टेबल धारेच्या सर्वात वरच्या बिंदूशी जुळलं पाहिजे. ते वर-खाली होत असेल तर आधी पाती ब्लॉकला लावा, मग टेबल पात्यांना. टेबल पक्कं असेल तर पाती त्यालाच लावावी लागतात, इलाज नाही.

तपासायला सरळ लाकडी पट्टी मागच्या टेबलावर ठेवून पुढं ब्लॉकवर येऊ द्या, ब्लॉक हातानं कामाच्या उलट दिशेला सावकाश फिरवा. पातं पट्टीला धरून थोडं ओढतं. किती ओढलं ते पेन्सिलनं खूण करून मोजा. १०० मिमी व्यासाच्या ब्लॉकवर पट्टी ४ मिमी सरकली तर पातं टेबलापेक्षा फक्त ०.०४ मिमी वर आहे, आणि ६ मिमी सरकली तर ०.०९. दोन टोकांना आणि तिन्ही पात्यांना पट्टी सारखी सरकली की झालं. एवढा बारीक फरक दाखवणारं दुसरं फुकटचं साधन मला माहीत नाही.

१७. टेबलावर ठेवायचं छोटं मशीन घेतलंय, दोन्ही बाजूंनी धार असलेली पाती आहेत. त्यालाही हे सगळं?

नाही. त्या पात्यांना भोकं असतात आणि ब्लॉकवर पिना. पातं पिनांवर बसलं की उंची ठरलेली. एक धार गेली की पातं फिरवून दुसरी वापरायची. दोन्ही गेल्या की नवीन. ती परत घासून लावायची नाहीत, कारण पातं अरुंद होतं आणि पिना तेच राहतात. सफाई मात्र प्रश्न ५ प्रमाणेच. कार्बाइडच्या चौकोनी तुकड्यांच्या स्पायरल ब्लॉकलाही हेच लागू: तुकडा फिरवण्याआधी त्याची बैठक पुसा. भुशाचा एक कण खाली राहिला तरी तो तुकडा वर येतो आणि फळीवर तेवढीच रेघ उमटते.

१८. पावसाळ्यात पात्यांना गंज चढतो. तेल लावून ठेवू का?

सुट्ट्या पात्यांना लावा, कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. धार धारेवर आपटणार नाही असं. मशीनमधल्या पात्यांना फक्त धारेवर पातळ हात, आणि पहिली फळी टाकाऊ घाला म्हणजे तेलाचा डाग चांगल्या लाकडाला लागत नाही.